एकशे अकरा ग्रॅमची लेन्स

भल्यामोठ्या लेन्स विकत घेणाऱ्या पुरुषांबद्दल माझं जे मत आहे ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. पण संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल मोकळेपणानं लिहा" असं कळवलंय, तेव्हा छापता येईल तेवढं लिहिते.

एकतीस वर्षं मी चेन्नईत, टी. नगरच्या एका गल्लीत, कॅमेऱ्याच्या लेन्स विकल्या आणि दुरुस्त केल्या. मूळची मी इचलकरंजीची. नवऱ्याला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या लग्नातल्या कॅमेऱ्याला बुरशी लागली, तो घेऊन मी ह्या दुकानात शिरले. मालक सेल्वम सार एकटेच होते. त्यांनी कॅमेरा उघडून भिंग माझ्यासमोर धरलं आणि "हे बघा" म्हणाले. मी ते हातात घेतलं, फुंकर मारली नाही, पदराला पुसलं नाही, नुसतं कडेला धरून उजेडाकडे तिरकं केलं. तेवढ्यावर त्यांनी मला नोकरी दिली. माझ्या बीएस्सी फिजिक्सबद्दल त्यांनी आजतागायत विचारलेलं नाही.

दुकान म्हणजे काय, एका बाजूला सोन्याचांदीचं दुकान, दुसऱ्या बाजूला पाच मजली साड्यांचं, आणि मधे उरलेल्या फटीत आम्ही. आडीच्या दिवसांत, म्हणजे साड्यांच्या सेलच्या महिन्यात, गर्दीच्या रेट्यानं बायका आमच्याकडे आपोआप आत यायच्या आणि "ब्लाऊजपीस कुठे?" म्हणून विचारायच्या. मी हातानं शेजारचा वरचा मजला दाखवायचे.

आमची खासियत रेंजफाइंडर. हे काय प्रकरण आहे ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नेहमीच्या मोठ्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरला बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. खिडकीच्या मध्यावर एक फिकट चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाची दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवत दोन्ही नाकं एकावर एक आणायची. एक नाक झालं की अंतर जुळलं, दाबा बटण. छोटा, शांत, कोणाच्या डोळ्यांत न येणारा कॅमेरा. वापरणारी माणसं मात्र तशी नसतात.

ह्यातली गोम अशी, की लेन्सच्या आत काय चाललंय ते खिडकीतून अजिबात कळत नाही. लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. एक बँक मॅनेजर, आपले मराठीच, रामेश्वरमला सहकुटुंब जाऊन तीन रोल झाकणासकट काढून आले होते. मी कोऱ्या फिल्म दाखवल्यावर म्हणाले, "अजून एकदा धुवून काही निघेल का?" म्हटलं, "पुण्य निघेल."

दुसरी गोम म्हणजे, मोठी लेन्स लावली की ती त्या खिडकीच्या आड येते. समोर देवळाचं गोपुर बघताय आणि खालच्या कोपऱ्यात आपल्याच लेन्सचं ढुंगण. म्हणून ह्या कॅमेऱ्याला लहान आणि हलकी लेन्स हवी, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगायचे. थोडा उजेड कमी घेते, घेऊ दे. चेन्नईत उजेडाचा तुटवडा पडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

पण ऐकतो कोण? आयटीतला एक पुण्याचा चिन्मय आला होता. त्याला नारळाएवढी लेन्स हवी होती. "काकू, हिच्यात मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं." म्हटलं, "तुझी मानसुद्धा विरघळेल. ही छोटी ने." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्याला तीनचाकी सायकल दाखवतेय. नारळ घेऊन गेला. आठ-नऊ महिन्यांनी आला तेव्हा नारळाला आतून बुरशी. जड म्हणून लेन्स घरी ठेवायची, घरी कपाटात, कपाटात दमट हवा. ह्या शहरात बुरशीला एवढं पुरतं. त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं छोटी लेन्स घेतली. हल्ली भेटला की तो दुसऱ्यांना छोट्या लेन्सवर व्याख्यान देतो. माझं नाव घेत नाही.

उलट एक तमिळ गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त झालेले, दर रविवारी लोकलनं एन्नोरला जाऊन कोळ्यांच्या वस्तीत फोटो काढायचे. ते म्हणायचे, मोठी लेन्स नेली की बाया मला सरकारी माणूस समजतात आणि वीजकेंद्राच्या राखेबद्दल तक्रारी सांगायला लागतात. छोटी नेली की माझ्याकडे लक्ष न देता एकमेकींना शिव्या देत राहतात, आणि तेच तर मला हवं असतं. छोट्या लेन्सची ह्याहून चांगली जाहिरात मला सुचलेली नाही.

तर लेन्स निवडून द्यायची माझी एक पद्धत होती. आधी वजन. कंपन्या कागदावर वजन लिहितात ते झाकणाशिवाय, कडीशिवाय, बहुधा लाजेशिवायही. मी प्रत्येक लेन्स शेजारच्या सोन्याच्या दुकानात नेऊन तोलायचे. तिथला मुरुगेसन काट्यावर बसायचा. लेन्स ठेवली की दरवेळी दागिन्यांच्या घटीवरचा तोच विनोद: "अक्का, ह्याच्यात वेस्टेज किती धरायचं?" पण वजन असं चोख सांगायचा, की गुंज इकडची तिकडे नाही. मग कॉफी. गिऱ्हाइकासमोर डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे वाटी-पेल्यात, वाफाळती फिल्टर कॉफी ठेवायची आणि त्याला कॅमेरा डोळ्याला लावून उभं करायचं. कॉफी पिण्याइतकी निवेपर्यंत हात थरथरला नाही, तर ती लेन्स त्याची. मिशीवाले, दंडवाले भलेभले लोक वाफ बंद व्हायच्या आत हात खाली घेताना मी पाहिलेत. ह्या पद्धतीचा मला फार गर्व होता. आता त्या गर्वाचं काय झालं ते सांगते.

माझ्या निवृत्तीच्या आधीची चार-पाच वर्षं. तरुण पोरं पुन्हा फिल्मच्या मागे लागली होती, त्यामुळे दुकानात जरा धुगधुगी होती. एक दिवस संध्याकाळी एक बाई आल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती साडी, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या मुगुत्या, खांद्याला शाळेच्या मास्तरणीची असते तशी पिशवी. मी फोनवर बहिणीशी मराठीत बोलत होते. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "तू मराठी काय? बरं झालं. मीपण मराठीच."

ह्या तुळजाबाई. तंजावरकडची मराठी मंडळी. दहा पिढ्या तिकडे, मग नोकऱ्यांपायी चेन्नईत. त्या पश्चिम मांबळमला राहायच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय शहात्तर. त्यांचं मराठी ऐकताना मला आपली पणजी तमिळ शिकून आल्यासारखं वाटायचं, आणि माझं मराठी त्यांना टीव्हीवरच्या बातम्यांसारखं. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणायला लागले.

पिशवीतून त्यांनी वडिलांचा रेंजफाइंडर काढला. कॅमेरा धडधाकट, त्यावरची पितळी लेन्स मात्र बुरशीनं पांढरी झालेली आणि वजनाला वरवंटा.

"ही नोको," अक्का म्हणाल्या. "हलकं काही दे. डाव्या हातात प्लेट घातलीय. न्हाणीत पडून मनगट मोडलं. डॉक्टर वजन उचलू नोको म्हणून सांगिटलाय."

"मग फोनवर काढा की, अक्का."

"फोनवरचे फोटो पाठवायचे अस्तात. मला ठेवायचे आहेत." मग म्हणाल्या, "माझा अण्णा, थोरला भाऊ, येणार. अमेरिकेत मुलाकडे अस्तो. एक्क्याऐंशी वर्षं. हे शेवटचं, पुढं विमान नोको म्हणून सांगूनच येतोय. मला त्याचे चांगले फोटो पाहिजेत. अप्पांच्या कॅमेऱ्यात, मी काढलेले."

मी बाह्या सरसावल्या. असं गिऱ्हाईक वर्षाला एक मिळतं, ज्याला कशासाठी फोटो काढायचाय हे ठाऊक असतं. दोन लेन्स निवडल्या. एक आखूड, बसकी, जराशी रुंद दिसणारी. दुसरी आत ढकलता येणारी. हिची नळी वापरायच्या वेळी बाहेर ओढायची, थोडी पिळायची, खट् झालं की घट्ट बसते, आणि काम झालं की उलटी पिळून आत ढकलायची. बंद केली की पिशवीतल्या पोळीच्या डब्याखाली सुद्धा मावते. मुरुगेसननं तोललं. बसकी एकशे छप्पन्न ग्रॅम, नळीची एकशे अकरा.

"पंचेचाळीस ग्रॅमचा फरक," मुरुगेसन गंभीरपणे म्हणाला. "लग्नातली जाड बांगडी."

कॉफी आली. बसकी लेन्स लावून अक्का उभ्या राहिल्या. निम्म्या कॉफीत डावा हात थरथरायला लागला. नळीची लावली आणि काय सांगू, कॉफी निवली, वर साय धरली, अक्का दगडासारख्या स्थिर. मला वाटलं, माझ्यासारखी मीच.

त्या लेन्सची नळी मी उघडून दिली होती. हे आमच्या दुकानाचं वळण. गिऱ्हाइकाच्या हातात लेन्स द्यायची ती पुसून, उघडून, तयार. सेल्वम सार म्हणायचे, पाहुण्याला ताट वाढून द्यायचं, त्याच्यापुढे डबे आदळायचे नाहीत. अक्कांनी तिथल्या तिथे तीन फोटो काढले: एक माझा, एक काट्यावरच्या मुरुगेसनचा, एक दारातल्या चपलांचा. मग मी नळी पिळून बंद केली, कॅमेरा पिशवीत घातला, आणि ओढा, पिळा, खट् ऐका, हे दोनदा सांगितलं. अक्कांनी गणिताच्या बाई ऐकतात तसं ऐकलं, म्हणजे मला आधीच येतं अशा चेहऱ्यानं.

महिन्याभरानं दोन रोल घेऊन आल्या. "अण्णा परवा गेला," म्हणाल्या. "विमानतळावर रडला. मी रडले नाही, मी फोटो काढले."

काळ्या-पांढऱ्या फिल्म आम्ही मागच्या खोलीत स्वतःच धुवायचो. पहिली फिल्म ओली असतानाच दिव्यासमोर धरली. पहिला फोटो मी. माझ्या चष्म्यावरचा चरा दिसत होता. दुसरा मुरुगेसन, त्याच्या मिशीचा केस न् केस. तिसऱ्यात चपलांचे अंगठे. आणि चौथ्यापासून सगळं पुसट. आकार होते, खुर्चीत कोणीतरी बसलंय एवढं कळत होतं, पण तो अण्णा आहे की उशी, ते सांगता येत नव्हतं. दुसरा रोलही तसाच. विमानतळ तर निव्वळ धूर. नळी पुरती बसलेली नव्हती. खिडकीतून मात्र अक्कांना दरवेळी अण्णांचं एकच नाक स्वच्छ दिसलं असणार.

म्हणजे शेवटचा म्हणून आलेला भाऊ गेला, आणि बाईंच्या हाती राहिलो ते मी आणि मुरुगेसन.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का आल्या. माझं वाक्य तयार होतं. अशा प्रसंगासाठी इतकी वर्षं एकच वाक्य वापरलं होतं आणि ते नेहमी लागू पडायचं: "तुम्ही नळी पिळायला विसरलात." तेच म्हटलं. वर "मी दोनदा सांगितलं होतं" हेही जोडलं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "ओढलं. पिळलं सुद्धा. दरवेळी."

"पूर्ण पिळलं नसेल."

"दे इकडे."

त्यांनी कॅमेरा उजव्या हातात धरला, डाव्या बोटांनी नळी बाहेर ओढली आणि पिळायला गेल्या. मनगट अर्ध्यात थांबलं. आतल्या प्लेटमुळे पुढे जातच नव्हतं. मग त्यांनी कोपर उचललं, खांदा उचलला, सगळं अंग वळवलं. "झालं," म्हणाल्या. खट् झालंच नव्हतं. झालं म्हणजे किती फिरायला हवं, हे त्यांना कळणार तरी कसं? पुरतं बसलेलं त्यांच्या हातांनी कधी अनुभवलंच नव्हतं, दुकानात सगळं मी केलेलं. मी करंगळीनं नळीला नुसता धक्का दिला, ती गुपचूप आत गेली.

मला इतकी लाज वाटली, की काउंटरखाली काहीतरी शोधायचं सोंग केलं. बाईनं पहिल्या मिनिटात सांगितलं होतं, मनगट मोडलंय. मी काय केलं? सोन्याच्या काट्यावर लेन्स तोलत बसले, बांगडीएवढा फरक काढला, कॉफी निववली, आणि जी एकच गोष्ट मनगटानं करायची ती मनगटाला करायला लावलीच नाही. आणि वर त्यांनाच बोलले.

"अक्का, चूक माझी," म्हटलं. "तुमची नाही."

सोन्याच्या दुकानाच्या आणि आमच्या मधल्या कठड्यावरून मुरुगेसन डोकावला. "पण वजन बरोबर होतं," म्हणाला. त्याला मी काय म्हटलं तेही छापण्याजोगं नाही.

अक्का बराच वेळ मी काढून ठेवलेल्या छोट्या प्रिंट बघत होत्या. एकावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं तो हसत होता." मला तिथे काहीच दिसत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि काउंटरवर ठेवून स्पीकर सुरू केला. तिकडे सकाळ होती.

"अण्णा, फोटो नासले."

"अस्की?" पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज. म्हणजे सगळे का.

"अस्की. तू धूर झालायस. परत ये."

"तुळजा, खूळ लागलं काय? माझे गुडघे..."

"गुडघ्यांचे फोटो नोको. तोंडाचे पाहिजेत."

"फोनवरचे आहेत की!"

"ते नोको."

म्हाताऱ्यानं घसा खाकरला. मग, "चूक कोणाची?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "इथं एक लेन्सवाली आहे. इचलकरंजीची. तिची."

"ते कुठं आलं?"

"मला काय ठाऊक. ये आणि विचार."

इतक्या वर्षांत माझ्या चुकीमुळे कोणी सात समुद्र ओलांडून यावं अशी वेळ आली नव्हती. शेवटी अण्णा म्हणाले, "तिकडं ऊन कमी कधी अस्तं?"

"कधीच नाही," अक्का म्हणाल्या. "मार्गळीत ये."

त्यांनी फोन ठेवल्यावर मी नळीची लेन्स काढून घेतली आणि बसकी लावून दिली, पंचेचाळीस ग्रॅमसकट. हिला ओढायचं नाही, पिळायचं नाही. खाली बोट अडकवायला खोबण, बोटानंच कडी इकडे तिकडे सरकवायची. हाताची थरथर घालवायला कोपर टेबलावर किंवा पोटाशी टेकायचं. ह्या वेळी मी दोन्ही हात मागे बांधून उभी राहिले. पिशवीतून कॅमेरा काढण्यापासून परत ठेवण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडून करून घेतलं, चार वेळा. चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "मी पोरांना पाढे असेच घोकवायचे. पोरं माझा द्वेष करायची." मी म्हटलं, "मला कळतंय."

तेव्हापासून मी कोणालाही लेन्स उघडून दिली नाही. सेल्वम सार कुरकुरले, ताट-डब्यांचं पुन्हा ऐकवलं. मी म्हटलं, सार, ज्याला डबा उघडता येत नाही तो घरी उपाशी राहतो. दुसऱ्या दिवसापासून तेही लेन्स बंदच देऊ लागले, आणि ती शरणागती मी पदकासारखी जपून ठेवलीय.

मार्गळी म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. चेन्नईत तेव्हा पंखा एकवर ठेवतात, त्याला थंडी म्हणतात. एका संध्याकाळी दुकानात एक उंच म्हातारे शिरले. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर. बर्फाच्या देशातून आलेला माणूस इथे थंडीनं कुडकुडत होता. मागे अक्का, गळ्यात कॅमेरा.

अण्णांनी मला खालून वर न्याहाळलं. "हीच काय ती?"

"हीच," अक्का म्हणाल्या.

"दोन विमानं बदलली," अण्णा मला म्हणाले. "मधे सहा तास बाकड्यावर. गुडघे मोडले. नातू हसतो मला. आणि हे सगळं एवढ्याशा..." बोट नाचवत त्यांनी मला असं झापायला घेतलं, की साड्यांच्या दुकानातल्या बाया वाकून बघायला लागल्या. मी मान खाली घालून उभी होते. तेवढ्यात बारीकसा आवाज झाला. अक्कांनी कोपर पोटाशी टेकवून बटण दाबलं होतं.

तो रोल मी अण्णा परत गेल्यावर धुतला. छत्तीसच्या छत्तीस स्वच्छ. माकडटोपीच्या विणीचे टाके मोजता येत होते. बोट उगारलेले अण्णा, कॉफी ओतणारे अण्णा, कचेरीत, म्हणजे गाण्याच्या मैफलीत, मांडीवर ताल धरणारे, आणि विमानतळावर, रडून झाल्यावर नाक पुसणारे. एकच नाक, अगदी स्पष्ट.

अक्का घ्यायला आल्या तेव्हा मी सगळे फोटो काउंटरवर मांडून ठेवले होते. खोटं कशाला बोलू, मी कौतुकाची वाट बघत होते. त्यांनी एकेक फोटो हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला, परत जागेवर ठेवला. सगळे बघून झाल्यावर त्यांची चवड केली, कडा जुळवल्या.

"अस्की चांगली आलीत," म्हणाल्या.

आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता तो परत कशाला येईल?"